रविवारी पोस्टग्रेस बांधायला येण्याआधी

पोस्टग्रेस हा डेटाबेस सोर्स कोडपासून बांधायला रविवारी सकाळी इंदिरानगरला माझ्याकडे जमायचं ठरलंय, तर शनिवारीच एवढं उरकून या. सोर्सचा टारबॉल (सगळा कोड एकत्र बांधलेली फाइल) घरच्या वायफायवर उतरवा, सोबतची शा-२५६ची, म्हणजे फाइल धड उतरली का ते तपासायच्या आकड्याची, छोटी फाइलही घ्या आणि आकडा जुळतो का बघा. सहा जणांनी माझ्या राउटरवर एकदम डाउनलोड लावलं की काय होतं ते मागच्या वेळी पाहिलंय. डिस्कवर एक जीबी मोकळी असली की झालं. सोर्सला साधारण ३५० एमबी लागते, चाचण्यांना तात्पुरती आणखी ३००.

निम्मी सकाळ खातात त्या लायब्ररी. ‘रीडलाइन (टाइप केलेली ओळ सुधारू देणारी लायब्ररी) आहे की माझ्याकडे’ असं प्रत्येक जण म्हणतो, आणि असतेही, पण ती प्रोग्रॅम चालवण्यापुरती. कोडचा प्रोग्रॅम करणाऱ्या कंपाइलरला हेडर फाइली, म्हणजे लायब्ररीत काय काय आहे त्याच्या याद्या, हव्यात, आणि डेबियन-उबुंटूवर त्या ‘डेव’ अशी शेपटी असलेल्या वेगळ्या पॅकेजात येतात. तेव्हा बिल्ड-इसेन्शियल, बायसन, फ्लेक्स, पर्ल, पीकेजी-कॉन्फिग यांच्याबरोबर रीडलाइन, झेडलिब (डेटा दाबून लहान करणारी) आणि आयसीयू (भाषेनुसार अक्षरांचा क्रम लावणारी) यांची डेव पॅकेजं टाकाच. आयसीयू पोस्टग्रेसच्या १६व्या आवृत्तीपासून न सांगता गृहीत धरतात. नको असेल तर कॉन्फिगरला, म्हणजे बांधणीची तयारी करणाऱ्या स्क्रिप्टला, तसं स्पष्ट सांगावं लागतं. फ्रीबीएसडीवाल्यांनी जीमेक (ग्नूचा मेक) टाकावा, तिथला मूळचा मेक, म्हणजे बांधणी चालवणारी कमांड, इथे चालत नाही.

टारबॉल आपल्या होम फोल्डरमध्येच उघडा. रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, होऊन काही करू नका. चाचणीसाठी उठणारा सर्व्हर रूटच्या नावाने उठतच नाही. फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको, मेकला ती पचत नाही. आणि जुना लॅपटॉप आणणाऱ्यांनी घड्याळ बघा: आतला सेल मेला की तारीख कुठल्या कुठे मागे जाते, फाइली ‘भविष्यातल्या’ ठरतात, आणि काय नव्याने बांधायचं हे मेकला कळत नाही.

कॉन्फिगर करताना प्रीफिक्स (कुठे बसवायचं तो फोल्डर) होममधलाच द्या, शिवाय डीबग आणि कॅसर्ट (कोडमधल्या आतल्या तपासण्या) चालू ठेवा. कॅसर्टने सगळं बरंच मंदावू शकतं, पण आपण वेग मोजायला नाही, चुका पकडायला बसतोय. मग मेक लावून मिसळीला जाऊ. मात्र मेकचं सगळं बोलणं टी ही कमांड वापरून फाइलमध्ये उतरवा. टर्मिनल वर सरकवत पहिली एरर शोधणं हा छळ आहे.

परतल्यावर मेक चेक. मेक इन्स्टॉलचेक नव्हे, तो आधीच चालू असलेल्या सर्व्हरवर चाचण्या चालवतो. चेक स्वतःचा तात्पुरता सर्व्हर उभा करतो, त्यामुळे तुमच्या कामाच्या डेटाबेसला धक्का लागत नाही. एखादी चाचणी पडली तर सोर्समधल्या रिग्रेस नावाच्या फोल्डरात ‘रिग्रेशन डिफ्स’ नावाची फाइल मिळेल, अपेक्षित काय होतं आणि आलं काय ते ओळीला ओळ लावून. ती आधी बाजूला कॉपी करा. घाईने तीच चाचणी पुन्हा लावलीत की पहिली फाइल पुसली जाते.