खाऱ्या हवेतला स्टेनलेस वस्तरा : पाणी कसे द्यावे

रत्नागिरीजवळ भाट्ये किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर माझी छोटी शेड आहे, आणि तिच्या खिडकीत एका पावसाळ्यात मी दोन पाती शेजारी शेजारी ठेवली होती. दोन्ही एकाच पट्टीतून कापलेली, एकाच दिवशी भट्टीत तापवलेली आणि सारखीच चकाकवलेली होती. फरक एवढाच होता की नंतरच्या दुसऱ्या तापात एकाला १७५ अंश सेल्सिअस दिले होते आणि दुसऱ्याला ५००. आठवडाभरात दुसऱ्या पात्यावर मोहरीएवढे तांबूस ठिपके उमटले, आणि ते पुसल्यावर खाली सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसले. पहिले पाते गणपतीपर्यंत जसेच्या तसे राहिले. ‘स्टेनलेस म्हणून घेतले आणि तरी गंजले’ अशी तक्रार किनाऱ्यावर नेहमी ऐकू येते व सगळे पोलादाला नावे ठेवतात, पण वस्तऱ्याच्या बाबतीत तरी दोष बहुधा पाणी देणाऱ्याचा, म्हणजे पाते तापवून-निववून कठीण करणाऱ्याचा असतो, असे माझे मत आहे.

त्याचे कारण समजून घेतल्याशिवाय पुढचे आकडे लक्षात राहणार नाहीत. स्टेनलेसला गंजापासून वाचवतो तो पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा, आणि तो टिकण्यासाठी पोलादात सुमारे साडेदहा टक्के किंवा अधिक क्रोमियम लागते. धारेच्या पोलादात मात्र कार्बनही घालावा लागतो, आणि कार्बन क्रोमियमला ओढून घेऊन कार्बाइडचे कण तयार करतो. कणात अडकलेले क्रोमियम कागदावरच्या टक्केवारीत मोजले जाते, परंतु पापुद्रा बनवण्याच्या कामी येत नाही. पाते पुरेशा उष्णतेवर ठेवले की यातील बरेचसे कण विरघळतात, कार्बन कठीणपणा देण्यास मोकळा होतो आणि क्रोमियम गंज रोखण्यास मोकळे होते. म्हणजे ताप कमी पडला की दोन्ही गोष्टी एकदमच हातच्या जातात. उलट कठीण झालेले पाते ४२५ ते ६०० अंशांच्या दरम्यान पुन्हा तापवले, तर क्रोमियम कार्बाइडचे सूक्ष्म कण नव्याने सुटतात आणि त्यांच्या आजूबाजूचा भाग क्रोमियमला मुकतो. माझ्या खिडकीतल्या दुसऱ्या पात्याचे हेच झाले होते. फसवणूक अशी की त्या पात्यावर कानस फिरवली असता ते चांगले कठीणच लागत होते.

पोलाद निवडताना आधी काय घ्यायचे नाही ते पाहू. भांड्यांचे ३०४, ज्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, ते कितीही तापवले तरी उष्णतेने कठीण होत नाही. एका भंगारवाल्याने ‘हार्डनिंगचे स्टेनलेस’ म्हणून मला त्याचीच पट्टी दिली होती, आणि चुंबक लावून पाहण्याचे न सुचल्यामुळे माझे दोन दिवस फुकट गेले. ३०४ला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. तरीही केवळ चुंबकावर विसंबू नये, कारण ४३० या दुसऱ्या जातीच्या स्टेनलेसला चुंबक उत्तम चिकटतो आणि तेही वस्तऱ्याच्या कामाचे नाही. ४४०सी ही जात कठीण होते, पण त्यातील कार्बाइडचे कण मोठे असल्याने वस्तऱ्याच्या बारीक कोनावर धारेचे कण निसटतात. वस्तऱ्याला योग्य पोलाद म्हणजे सुमारे ०.६७ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम असलेले बारीक कणांचे एईबी-एल, जे स्वीडनच्या उद्देहोल्म कंपनीने मुळात दाढीच्या ब्लेडसाठीच बनवले. कण एकसारखे बारीक असावेत हा आग्रह उगाच नाही. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले की पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असलेला केससुद्धा वाकून एका बाजूने दाब देतो, तेव्हा ब्लेडची धार नेमकी तिच्या रचनेतील असमान जागी टवकते.

पाच मिलिमीटर जाडीची पट्टी घेऊन पात्याची रुंदी अठरा मिलिमीटर ठेवावी, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवून पाजवताना धारेचा एकूण कोन सुमारे सोळा अंश आपोआप मिळतो. मुठीच्या खिळ्याचे भोक आताच पाडावे, कारण पाणी दिल्यानंतर साधा ड्रिल तिथे नुसता घसरतो. धारेकडची जाडी या टप्प्यावर अर्धा मिलिमीटर राहू द्यावी. त्याहून पातळ केल्यास पाते तापात लाटेसारखे वाकते, आणि ती लाट नंतर घासून काढणे म्हणजे नवा वस्तरा करण्याइतकेच काम.

लोहाराच्या भात्यावर हे काम होत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. साध्या पोलादाला चुंबक चिकटेनासा झाला की ताप पुरेसा झाला असे लोहार धरतो, पण स्टेनलेसमधील कण विरघळण्यास त्याच्याही वर जवळपास तीनशे अंश लागतात, आणि ते डोळ्यांनी जोखता येत नाहीत. १,०५० ते १,०८० अंश एवढाच पट्टा मोकळा आहे. त्याहून बरेच वर गेल्यास कार्बन आणि क्रोमियम प्रमाणाबाहेर विरघळतात, थंड झाल्यावरही ऑस्टेनाइट, म्हणजे तापलेल्या पोलादाची मऊ रचना, शिल्लक राहते आणि पाते अपेक्षेपेक्षा मऊ निघते. म्हणून विजेची मफल (बंदिस्त कप्प्याची) भट्टी आणि के प्रकारचे थर्मोकपल, म्हणजे भट्टीतले तापमान मोजणारी तारांची जोडी, हवे. थर्मोकपल खरे बोलते की नाही हे पाहण्यासाठी मी चिमूटभर शुद्ध मीठ चिनी मातीच्या वाटीत एकदा तापवून घेतो. ते ८०१ अंशांना वितळते. मिठागरावरचे जाडे मीठ इथे चालत नाही, कारण त्यातील इतर क्षारांमुळे वितळण्याचा बिंदू खाली येतो. तपासणी झाली की वाटी लगेच बाहेर काढावी, नाहीतर मिठाची वाफ भट्टीच्या तारा खाते.

पाते स्पिरिटने पुसून तेलाचा अंशही राहू देऊ नये आणि ते उच्च तापमानाच्या स्टेनलेस फॉइलमध्ये गुंडाळावे. आत कागदाचा लहान तुकडा ठेवला म्हणजे उरलेला प्राणवायू तोच जाळून टाकतो. कडा दोनदा दुमडून दाबाव्यात, आणि हे करताना हातमोजे घालावेत, कारण त्या फॉइलची कड ब्लेडसारखीच कापते. फॉइल कुठे फाटले तर तेवढ्या जागी हवा लागून पृष्ठभागाचा कार्बन जळतो, आणि तो मऊ थर नेमका धारेवर आला तर सगळे मुसळ केरात. भट्टी ८०० अंशांवर असताना पाते आत ठेवून दहा मिनिटे थांबावे, मग ती १,०६० अंशांपर्यंत चढवावी आणि काटा तिथे स्थिर झाल्यापासून पंधरा मिनिटे मोजावीत. कोकणात पावसाळी दिवसांत या टप्प्यावर विजेचा दाब पाहणे अगत्याचे आहे: २३० व्होल्टचा दाब १८०वर आला की तारांची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटून साठ टक्क्यांवर येते, आणि भट्टी मध्येच कुठेतरी रेंगाळत राहते. अशा वेळी घड्याळाकडे बघून पाते बाहेर काढण्यापेक्षा ते काम दुसऱ्या दिवसावर टाकावे.

‘पाणी देणे’ या शब्दात पाणी असले तरी या पोलादाला पाण्यात बुडवू नये, ते तडकते. पंचवीस मिलिमीटर जाडीच्या दोन सपाट ॲल्युमिनियमच्या प्लेटा शेगड्याच्या (व्हाइसच्या) जबड्यात तयार ठेवाव्यात, फॉइलसकट पाते त्यांच्यात घालून जबडा चटकन आवळावा आणि बाजूंनी कॉम्प्रेसरची हवा मारावी. पाठीचा जाड भाग आणि धारेकडचा पातळ भाग यांच्यामुळे प्लेट सगळीकडे सारखी टेकत नाही, म्हणून ही हवा टाळता येत नाही. फॉइल उतरवल्यावर पाते हाताला चटका देण्याइतके गरम असताना वाक दिसला, तर लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून तो हळूच सरळ करता येतो. पूर्ण थंड झाल्यावर तसा प्रयत्न केल्यास पात्याचे दोन तुकडे होतात.

यानंतर तासाभराच्या आत पात्याला आणखी थंडी द्यावी, कारण शिल्लक ऑस्टेनाइट जितका वेळ खोलीच्या तापमानाला पडून राहते तितके ते थंडीने कठीण रचनेत बदलायला नाखूश होते. उत्तम उपाय म्हणजे उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ, मात्र तो खिडक्या उघड्या ठेवून वापरावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात कधीही कोंडू नये. आपल्याकडे तो सहज मिळत नाही. मासळी गोठवणाऱ्या कारखान्यात कोणी ओळखीचे असेल, तर तिथले उणे ३५ ते ४० अंशांचे गोठवणयंत्रही बरेच काम करते. घरच्या फ्रीजरचे उणे १८ अंश हा केवळ नाइलाजाचा मार्ग आहे. मासळी बाजारातली बर्फाची लादी मात्र इथे निरुपयोगी, कारण ती शून्याच्या फारशी खाली नसते.

थंडी संपल्यावर पाते खोलीच्या तापमानाला आणून लगेच १७५ अंशांवर दोन तास ठेवावे, पूर्ण निवू द्यावे आणि पुन्हा तेवढेच दोन तास द्यावेत. स्वयंपाकघरातील ओटीजी चालतो, पण त्याच्या बटणावर विश्वास न ठेवता आत वेगळा तापमापक ठेवावा आणि पाते तारांच्या थेट समोर येऊ देऊ नये. सर्व नीट झाले असेल तर कठीणपणा रॉकवेल सी मापावर ६० ते ६२च्या आसपास येतो. यंत्र नसेल तर नवी कानस धारेजवळ फिरवावी, ती न चावता काचेवरून गेल्यासारखी घसरली पाहिजे.

उरलेली जाडी काढताना हातमोजे नकोत आणि शेजारी पाण्याची बादली हवी. बोटांना उष्णता जाणवताच पाते बुडवावे. साध्या पोलादावर पिवळा रंग आला की लोहार सावध होतो, पण स्टेनलेसवर तो रंग बराच उशिरा दिसतो, आणि दिसतो तोवर धार १७५ अंशांच्या कितीतरी पुढे जाऊन बसलेली असते. मग पाठ आणि धार एकाच वेळी टेकवून आधी १,०००, पुढे ४,००० आणि शेवटी ८,००० नंबरच्या दगडावर पाजवावे आणि चामड्याच्या पट्ट्यावर धार मागे ओढत तीस-चाळीस फेऱ्या द्याव्यात. पात्याच्या अंगावर ओरखडे ठेवू नयेत, कारण खारे दव त्याच खाचांत साठते आणि गंजाचा पहिला ठिपका तिथेच उमटतो.

दाढी झाल्यावर वस्तरा गोड्या पाण्याने धुऊन, मुठीतली फटसुद्धा कोरडी करून, खोबरेल तेलाचे बोट फिरवून ठेवावा. चामड्याच्या पाकिटात मात्र ठेवू नये. आषाढात ते चामडे दमट होते आणि सकाळपर्यंत तो ओलावा पात्याला चिकटून राहतो.