मूळ फाइलीपर्यंत थेट वाट: कर्नलमधला पासथ्रू इंटरफेस कसा आखावा

बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या खोलीत एक संगणक आहे. खानापूर, निपाणी आणि चिकोडीकडच्या घरांतून आलेल्या मोडी कागदांचे स्कॅन त्यावर एका फ्यूज फाइलप्रणालीतून उघडले जातात, म्हणजे कर्नलमधून (लिनक्सच्या गाभ्यातून) नव्हे, तर बाहेरच्या साध्या प्रोग्रामने चालवलेल्या फाइलप्रणालीतून. ही प्रणाली दोनच कामे करते: मराठी आणि कानडी नावांच्या फाइली एकाच झाडात मांडते आणि कोणी कोणता कागद उघडला याची नोंद ठेवते. ही दोन्ही कामे फाइल उघडण्याच्या क्षणीच संपतात. तरीही पुढे वाचलेला प्रत्येक तुकडा माझ्या डीमनमधून, म्हणजे ही प्रणाली चालवणाऱ्या पार्श्वभूमीतल्या प्रोग्राममधून, फिरून जात असे. कर्नल विनंती रांगेत लावतो, डीमन जागा होतो, डिस्कवरच्या मूळ फाइलीतून मजकूर उचलतो आणि तोच मजकूर पुन्हा कर्नलच्या हवाली करतो.

तालुका कचेरीत कारकुनाने एकदा अर्ज तपासून सही केली, तर उतारा थेट दफ्तरखान्यातून मिळावा. प्रत्येक पानासाठी शिपायाने कारकुनाच्या टेबलाला वळसा घालायचे कारण नाही. लिनक्सच्या 6.9 आवृत्तीत, म्हणजे 2024 साली, फ्यूजला पासथ्रूची, म्हणजे डीमनला मध्ये न घेता थेट मूळ फाइलीत वाचण्या-लिहिण्याची, सोय मिळाली ती याच गरजेतून. अँड्रॉइडसाठी झालेल्या आधीच्या कामाच्या आधारावर अमीर गोल्डस्टाइन यांनी ती मुख्य कर्नलमध्ये आणली. असा इंटरफेस स्वतः आखायचा असेल, तर तिच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

सर्वप्रथम हद्द आखावी. वाचणे, लिहिणे, एममॅप (फाइल स्मृतीत जोडून घेणे) आणि स्प्लाइस (मजकूर कर्नलमधल्या कर्नलमध्ये हलवणे) ही वाहतुकीची कामे मूळ फाइलीकडे सोपवावीत. नाव शोधणे, नाव बदलणे, फाइल उघडायची की नाही हे ठरवणे ही निर्णयाची कामे डीमनकडेच राहू द्यावीत. पहिल्याच आवृत्तीत सगळे काही थेट पाठवण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण एकदा उघडलेला इंटरफेस नंतर वाढवता येतो, पण मागे घेता येत नाही.

मग प्रश्न येतो तो मूळ फाइल कर्नलच्या हाती कशी द्यायची हा. फाइलीचा मार्ग अक्षरांत लिहून पाठवू नये. आपण तपासले त्या क्षणी आणि कर्नलने उघडले त्या क्षणी त्या मार्गावर तीच फाइल असेल याची हमी नसते. डीमनने फाइल स्वतः उघडावी आणि तिचा डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलीला मिळालेला क्रमांक, द्यावा. मात्र तो क्रमांक ओपनच्या, म्हणजे फाइल उघडण्याच्या विनंतीच्या, उत्तरातच कोंबून पाठवणे घातक आहे, आणि हा मुद्दा मला स्वतःला उशिरा कळला. उत्तर जाते ते राइट या सिस्टिम कॉलने, म्हणजे कर्नलला केलेल्या लिहिण्याच्या मागणीने. राइटचा अर्थ एवढाच की काही बाइट पुढे ढकलले. ते बाइट लिहिणाऱ्याच्या डिस्क्रिप्टर तक्त्यात डोकावून पाहतील अशी कोणाची अपेक्षा नसते. एखाद्या अधिक अधिकाराच्या प्रोग्रामला फसवून त्याच्याकडून तेच बाइट लिहवून घेतले, तर त्याची फाइल भलत्याच्या हाती पडते.

म्हणून नोंदणी वेगळी ठेवावी. फ्यूजच्या उपकरण फाइलीवर एक आयऑक्टल (उपकरणाला खास आज्ञा देणारा सिस्टिम कॉल) केला जातो; त्यात 16 बाइटची रचना जाते, ज्यात 4 बाइट डिस्क्रिप्टरसाठी, 4 ध्वजांसाठी आणि 8 पुढील सोयीसाठी राखीव असतात. राखीव जागेत शून्याव्यतिरिक्त काही आढळल्यास ‘अवैध’ म्हणून विनंती परतवावी. आज कचरा खपवून घेतला, तर उद्या त्या जागेला अर्थ देता येत नाही. कर्नल त्या फाइलीचा संदर्भ धरतो आणि एक छोटा ओळखक्रमांक देतो. ओपनच्या उत्तरात डीमन पासथ्रूचा ध्वज आणि हा क्रमांक पाठवतो. क्रमांक त्या एका जोडणीपुरताच वैध असावा, तो अनेक उघडण्यांसाठी वापरता यावा, आणि डीमनने तो रद्द केला तरी आधीच उघडलेल्या फाइली चालू राहाव्यात, यासाठी संदर्भांची मोजणी ठेवावी लागते.

ही मोजणी किती छळते याचा अनुभव मी घेतला आहे. बाहेरून जोडलेली डिस्क काढायची होती आणि ती ‘व्यग्र’ असल्याचे सांगत होती. उघड्या फाइली कोणाकडे आहेत हे दाखवणाऱ्या एलसॉफमध्ये काही दिसेना, तसेच काम करणारा फ्यूझरही गप्प. स्कॅनिंग करणारे काका शेजारी वायर धरून उभे होते. ‘काय तरी चिकटून बसलंय बघा, ओढू काय?’ त्यांना थांबवले. डीमनने आपला डिस्क्रिप्टर बंद केला होता, पण क्रमांक रद्द करायला मी विसरलो होतो, त्यामुळे फाइल कोणत्याच प्रक्रियेच्या नावावर नसूनही कर्नलने उघडी धरलेली होती. फ्यूजचे माउंट उतरवून डीमन थांबवल्यावरच डिस्क सुटली. अशा अदृश्य फाइली उघड्या फाइलींच्या मर्यादेतही मोजल्या जात नाहीत. म्हणूनच लिनक्सने या नोंदणीसाठी प्रशासकीय अधिकाराची अट घातली आहे. ती सैल करावीशी वाटते, पण आधी हा हिशेब कुठेतरी दाखवायची सोय करावी.

अधिकाराचा आणखी एक पदर आहे. मूळ फाइलीवरचे वाचन कोणाच्या नावाने व्हावे? नोंदणी करणाऱ्याच्या. वापरकर्त्याला मूळ डिस्कवर हक्क नसला तरी डीमनने त्याला परवानगी दिलेली असते, आणि त्या परवानगीची जबाबदारी डीमनचीच.

सर्वांत जपायची जागा कॅशेची, म्हणजे स्मृतीत ठेवलेल्या मजकुराच्या प्रतीची. एकाच इनोडची (फाइलीच्या कर्नलमधल्या नोंदीची) एक उघडणी पासथ्रूने आणि दुसरी नेहमीच्या कॅशेतून झाली, तर एकाच मजकुराच्या दोन प्रती होतात आणि एकीत लिहिलेले दुसरीत दिसत नाही. अशी सरमिसळ, तसेच एका इनोडला एकाच वेळी दोन वेगवेगळ्या मूळ फाइली, कर्नलने ओपनच्या वेळीच नाकारावी. लिनक्स तिथे आयओ (वाचन-लेखनाची) त्रुटी देतो. राइटबॅक कॅशे (लिहिलेले आधी स्मृतीत साठवून नंतर पुढे पाठवणारी) आणि पासथ्रू एकत्र चालू देत नाहीत, तेही याच कारणाने. थेट लिहून झाल्यावर फ्यूजकडच्या इनोडचा आकार आणि वेळा ताज्या करायला विसरू नये, नाहीतर फाइल वाढूनही जुनाच आकार दिसत राहतो.

एका फाइलप्रणालीवर दुसरी असे थरावर थर चढण्याला मर्यादा हवी, कारण प्रत्येक थर कर्नलच्या छोट्या स्टॅकची (कामाच्या तात्पुरत्या स्मृतीची) जागा खातो. लिनक्समध्ये ही खोली 2 आहे. त्यापलीकडची नोंदणी परतवली जाते.

तपासणी करताना एक मोठी टिफ (चित्राची) फाइल उघडावी, डीडी या आज्ञेने ती पूर्ण वाचावी आणि दुसऱ्या खिडकीत डीमनवर एसट्रेस, म्हणजे प्रोग्रामचे सिस्टिम कॉल दाखवणारे साधन, लावून ठेवावा. ओपनची विनंती दिसल्यानंतर शेवटी फाइल सोडल्याची विनंती येईपर्यंत वाचनाची एकही विनंती दिसता कामा नये. त्यानंतर मुद्दाम चुका कराव्यात: फाइलीऐवजी पाइपचा डिस्क्रिप्टर द्यावा, राखीव जागेत 1 भरावा, न घेतलेला क्रमांक रद्द करावा, आणि वाचन अर्ध्यावर असताना डीमन मारून पाहावा.