तानसेन सोडताना: परतणाऱ्या मिशन कुटुंबासाठी

नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यात तानसेनला आम्ही अकरा वर्षं होतो. मी मिशनच्या इस्पितळात नर्स, यजमान तिथल्याच प्रयोगशाळेत. थोरला पाच वर्षांचा असताना आम्ही गेलो, धाकटी तिथेच जन्मली. आता आमच्या ओळखीचं आणखी एक मराठी कुटुंब नेपाळहून परतायच्या तयारीत आहे. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्याने सांगत होते. म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढू.

खोकी शेवटी भरा. आधी माणसं. किमान सहा महिने हाताशी ठेवा. हे मी अनुभवाने सांगते. तानसेनच्या आधीच्या ठिकाणाहून आम्ही आठ दिवसांत निघालो होतो. शेजारच्या मित्राचा निरोप घ्यायचा राहिला आणि त्या धक्क्याने आमचा थोरला पुढे वर्षभर कोणाशी खेळायलाच जाईना. "आपण इथूनपण जाणार ना?" एवढंच विचारायचा. म्हणून यावेळी बातमी सर्वांत आधी मुलांना सांगितली. मग चर्चच्या पाळकांना आणि इस्पितळातल्या वरिष्ठांना, मग घरकामाला येणाऱ्या दिदीला, आणि त्यानंतर चर्चच्या मंडळीत. दिदीला बाजारात कोणाकडून कळता कामा नये, तिचं घर आपल्या पगारावर चालतं.

मिशनच्या शिबिरांत डेव्हिड पोलॉक यांची चार पायऱ्यांची पद्धत शिकवतात: रुसवे मिटवणं, ऋण व्यक्त करणं, निरोप घेणं आणि पुढच्या जागेची तयारी. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'राफ्ट' म्हणतात, म्हणजे तराफा. यातली पहिली पायरी लोक टाळतात, आणि नेमकी तीच पुढे टोचत राहते. ड्यूटीच्या पाळ्यांवरून एका सहकारिणीशी माझं दोन वर्षं बोलणं तुटल्यासारखं होतं. शेवटी एका संध्याकाळी तिच्या घरी गेले. "मन दुखाएको भए माफ गर्नुहोस्" म्हणाले, मन दुखावलं असेल तर माफ करा. तिने चहा टाकला, दोघी रडलो. हे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. त्या आठवड्यात सगळेच गोड बोलतात, खरं बोलायला निवांतपणा मिळत नाही.

कामाचंही तसंच. शेवटचे दोन महिने मी वॉर्डात दुय्यम म्हणून उभी राहिले. निर्णय माझ्या जागी येणारी नेपाळी सिस्टर घ्यायची, मला विचारलं तरच मी बोलायचे. आपण कोणाच्या मुलाची फी भरत असलो, कोणाची औषधं आणून देत असलो, तर ते कोणाकडे सोपवायचं हे त्या कुटुंबाला समोर बसवून ठरवा. मोघम "पाठवत राहू" म्हणू नका.

आणि एक जबाबदारीची गोष्ट. नेपाळमध्ये मिशनची इस्पितळं १९५४ पासून सरकारशी करार करून सेवा देत आली आहेत. २०१८ मध्ये लागू झालेल्या फौजदारी संहितेनुसार कोणाचं धर्मांतर घडवणं गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. परदेशी माणसाला तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. आपण निघून येतो, तिथले ख्रिस्ती विश्वासणारे मागे राहतात. म्हणून मदत करणाऱ्या मंडळींना निरोपाचं पत्र लिहिताना गावकऱ्यांची नावं, चेहरे, कोणाच्या विश्वासाची साक्ष यातलं काही घालू नका. निरोपसमारंभाचे फोटो घरातल्या अल्बमपुरते ठेवा.

सामानात आमचा नियम सोपा होता: विकायचं ते सहकाऱ्यांना, किंमत चिकटवून, एकाच दिवशी. गरजूंना द्यायचं ते फुकट आणि गुपचूप. फ्रिज तीन जणांनी मागितला होता. आधीच कोणाला शब्द दिला असता तर दोघं दुखावले असते. दिदीला बाकी पगार आणि वर दोन महिन्यांचा पगार दिला, शिवाय दुसऱ्या घरी काम बघून दिलं. मुलांना एकेक पेटी दिली. तिच्यात काय भरायचं यात आम्ही बोललो नाही. धाकटीने पाल्पाचा पितळी करुवा, म्हणजे तोटीचा तांब्या घेतला, थोरल्याने ढाका टोपी आणि फुटका फुटबॉल.

कागदपत्रं मात्र लवकर सुरू करा. नेपाळमध्ये व्यवहार विक्रम संवतात चालतात, त्यांचं साल आपल्यापेक्षा छप्पन-सत्तावन्न वर्षांनी पुढे. शाळेचा दाखला, जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, प्रत्येकावर इसवी सनाची तारीख लिहून शिक्का घ्या. आमच्या धाकटीच्या एका कागदावर तारीख बदलताना एक दिवस चुकला होता. तेवढ्यासाठी दोन फेऱ्या झाल्या. तिथे जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय दूतावासात जन्मापासून वर्षाच्या आत करावी लागते, नाहीतर केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते. काठमांडूला जायचा कंटाळा करू नका. दहावीची परीक्षा तिथे दिली असेल तर समकक्षतेचं काय लागेल ते अकरावीच्या प्रवेशाआधी विचारून ठेवा.

नेपाळी शाळांचं वर्ष त्यांच्या वैशाखात, एप्रिलच्या मध्याला सुरू होतं आणि आपलं जूनमध्ये. म्हणून परीक्षा संपली की निघा, मधले दीड-दोन महिने मुलांना मिळतात. पावसाळ्यात निघूच नका. बुटवल-तानसेन रस्त्यावर सिद्धबाबाच्या भागात दरडी कोसळतात आणि गाड्या तासन् तास अडकतात. आम्ही बुटवल, भैरहवा, सुनौली, तिथून गोरखपूर आणि पुढे रेल्वेने मनमाड, मग नगर असे आलो. गोरखपूरचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी काढा. सीमेवर मोठ्यांकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलासाठी मुख्याध्यापकांचं ओळखीचं पत्र घ्या. वापरलेल्या सामानाची यादी दोन प्रतींत जवळ ठेवा. नेपाळी पैसे आधीच बदला. दर ठरलेला आहे, शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ.

मुलांच्या मराठीची तयारी आम्ही उशिरा केली, याचं मला वाईट वाटतं. महाराष्ट्रात शाळेत मराठी सक्तीचं आहे. लिपी एकच म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. पण नेपाळीत 'ळ' नाही. धाकटी 'केली' मागायची, 'शाला' म्हणायची, आणि नगरच्या वर्गात मुलं हसली. सहा महिने आधीपासून रोज रात्री बायबलमधल्या स्तोत्रसंहितेचा एक अध्याय मराठीतून मोठ्याने वाचून घेतला असता तर बरं झालं असतं. आता घेतो. "बाळ" म्हणताना जीभ मागे वळते तेव्हा तिलाच आनंद होतो.

नेपाळमध्ये उपासना शनिवारी असते, कारण आठवड्याची सुट्टी शनिवारची. नगरला आल्यावर पहिल्या शनिवारी धाकटी सकाळी नवा फ्रॉक घालून दारात उभी राहिली. मग आम्ही ठरवलं की वर्षभर शनिवारी दहा वाजता घरीच बसायचं: एक नेपाळी भजन, तानसेनच्या माणसांसाठी नावं घेऊन प्रार्थना, आणि जेवायला बटाटा-दह्याची चुकौनी. तुमच्या ताटात काय असेल ते मुलांनाच ठरवू द्या. रविवारी आम्ही इथल्या मंडळीत जातो.