झेडएफएस पूल 'डिग्रेडेड' दिसला? आधी केबल बघा

ऐरोलीतल्या घरच्या सर्व्हरवर झेडएफएस या फाइल सिस्टिमचा पूल (डिस्क एकत्र जोडून केलेला साठा) आहे: ४ टीबीच्या दोन डिस्कचा मिरर, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. पावसाळ्यात एका डिस्कच्या रीड-राइट चुका वाढल्या, ती 'फॉल्टेड' (चुकांमुळे वापरातून बाजूला) आणि पूल 'डिग्रेडेड' (चालू, पण एका डिस्कविना) झाला. अशा वेळी घाबरून लगेच डिस्क उपसू नका. घाईत चुकून चांगली डिस्क निघाली तर सगळा डेटा आजारी डिस्कच्या भरवशावर उरतो. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, म्हणून आधी महत्त्वाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या.

मग डिस्कची तब्येत सांगणाऱ्या 'स्मार्टसीटीएल' या कमांडचा अहवाल वाचा. ५, १९७, १९८ या ओळींच्या (खराब सेक्टरांच्या नोंदी) शेवटचे आकडे वाढत असतील तर डिस्कच चालली. इथे तिन्ही शून्य होते. वाढत होता फक्त १९९, म्हणजे सीआरसी (डेटा ने-आण करताना बिघडल्याच्या चुका). हा दोष बहुतेक वेळा डिस्क आणि बोर्ड यांच्या मधल्या वाटेत असतो: सैल साटा केबल किंवा खाडीकाठच्या दमट हवेने काळवंडलेला कनेक्टर.

सर्व्हर बंद करून लेबलवरचा सिरियल नंबर जुळवला (एसडीए, एसडीबी ही सिस्टिमने डिस्कना दिलेली नावं रीबूटनंतर बदलू शकतात, त्यांवर विसंबू नये) आणि लॅचवाली नवी केबल बसवली. चुकांची नोंद पुसणारं 'झेडपूल क्लिअर' दिलं, रिसिल्व्हर (मागे पडलेल्या डिस्कवर राहिलेला डेटा भरणं) संपल्यावर सगळा डेटा तपासणारं 'झेडपूल स्क्रब'. १९९चा जुना आकडा शून्यावर येत नाही. तो पुढे सरकला नाही की झालं.