काटा लालवर, हीटर मात्र गार

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदलल्यापासून साखळी गावापर्यंत गाडी शहाणी, चोर्ला घाट लागला की तापमानाचा काटा लाल पट्टीकडे. पंखा चालू, गळती नाही. उलगडा केला हीटरने (गोव्यात तो लावतो कोण!). इंजिन तापलेलं आणि हीटरमधून गार वारा, म्हणजे कूलंटच्या वाटेत हवा अडकलेली, गरम कूलंट हीटरपर्यंत पोचतच नाही.

इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं. गाडी चढावर, तोंड वर करून लावली. झाकण उघडं, ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडायचा) सैल, हीटर पूर्ण गरमवर, मग इंजिन चालू. फडक्याने रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दाबत राहिलो. बुडबुडे निघत, पातळी उतरे, मी कूलंट ओतत होतो. स्क्रूमधून सलग धार आली तेव्हाच तो आवळला. हीटर तापला. सकाळी पातळी थोडी उतरली होती, पुन्हा भरली.