ग्रीस-रोमचा पेपर घेतलाय? मग या चुका टाळा

सोलापुरात मी गेली सतरा वर्षं बी.ए.च्या मुलांना इतिहास शिकवते. प्राचीन ग्रीस आणि रोम हा भाग आला की मागच्या बाकावरची मुलंही सावरून बसतात. स्पार्टा, अलेक्झांडर, सीझर ही नावं ऐकलेली असतात, उत्सुकता खरी असते. तरीही उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला की दरवर्षी त्याच चुका. मुलं बुद्धीनं कमी पडत नाहीत, घाई नडते. परीक्षेला पंधरा दिवस राहिले की झेरॉक्सच्या दुकानात रांग लावायची आणि ‘अपेक्षित’ घोकायचं, ही सवय या विषयात सगळ्यात महाग पडते, कारण इथले आकडे, नावं, जागा सगळंच परकं आहे आणि घोकलेलं एकदा चुकलं की सावरायला हाताशी काही नसतं.

सगळ्यात मोठी चूक: इसवी सनपूर्व आकडे सरळ मोजणं

पूर्व भागात राहणारी, घरी तेलुगू बोलणारी एक विद्यार्थिनी होती. वडील यंत्रमागावर. अथेन्सवरचा तीस पानांचा प्रकल्प घेऊन ती माझ्याकडे आली. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेला, नकाशाला रंग दिलेले. चौथ्या पानावर वाक्य होतं: अथेन्स व स्पार्टा यांच्यातले पेलोपोनेशियन युद्ध इ.स.पू. ४०४ मध्ये सुरू झाले व ४३१ मध्ये संपले.

लिहिताना एखादा आकडा उलटा पडतो, तसं हे नव्हतं. तिनं त्या उलट्या आकड्यांवर पुढचा सगळा प्रकल्प उभा केला होता. सॉक्रेटिसला मृत्युदंड ३९९ मध्ये, म्हणजे तिच्या हिशेबानं युद्धाच्या पाच वर्षं आधी. मग तिनं कारण काढलं होतं की आपल्याच विचारवंताला मारणारं अथेन्स आतून दुबळं झालं आणि त्यातून युद्ध पेटलं. अथेन्समधली रोगाची साथ ४३० ची, म्हणून ती ‘युद्ध संपता संपता’ आलेली. अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस ४२९ मध्ये वारला, म्हणून ‘विजय दोन वर्षांवर आला असताना’ गेलेला. वाक्यं सुंदर होती. सगळी उलटी होती.

खरं घडलं ते असं. युद्ध ४३१ ला सुरू झालं. स्पार्टाचं सैन्य जमिनीवर भारी, म्हणून पेरिक्लीसनं आसपासच्या खेड्यांतली माणसं तटबंदीच्या आत आणली. त्या दाटीत दुसऱ्याच वर्षी साथ पसरली आणि पुढं तिनं खुद्द पेरिक्लीसचा बळी घेतला. अथेन्स ४०४ ला हरलं, तीस जणांची जुलमी राजवट आली, ४०३ ला लोकशाही परतली, आणि त्या पराभवानं कडवट झालेल्या शहरात ३९९ ला सॉक्रेटिसवर खटला चालला. पराभव आधी, खटला नंतर. हा क्रम हातातून सुटला की कारणमीमांसेचे दहा मार्क तर जातातच, पण सॉक्रेटिस का मेला हे समजायची वाटच बंद होते.

चूक का होते ते मला ठाऊक आहे. शाळेपासून आपण १६३० आधी आणि १६७४ नंतर असं शिकलोय. लहान आकडा जुना, मोठा आकडा नवा. त्या दिवशी मी तिला एवढंच विचारलं, “अगं, पुण्याहून एस.टी.नं येताना टेंभुर्णी सोडलं की दगडावरचा सोलापूरचा आकडा वाढतो का कमी होतो?”

“कमी होतो, मॅडम.”

“मग आपण पुढं येतोय का मागं जातोय?”

ती काही बोलली नाही. तिनं प्रकल्प स्वतःकडे ओढला आणि मागची पानं उलटायला लागली. चार रात्री जागून तिनं शेवटची बारा पानं नव्यानं लिहिली.

तेव्हापासून माझी एक सवय वर्गाचीही झाली आहे. पाठकोरे कागद एकाला एक डकवून पट्टी करायची. डाव्या टोकाला इ.स.पू. ८००, उजव्या टोकाला इ.स. ५००, एका सेंटिमीटरला दहा वर्षं. पट्टी होते १ मीटर ३० सेंटिमीटरची, कॉटच्या वरच्या भिंतीवर बसते. जिथं सनपूर्व संपून सन सुरू होतो तिथं लाल रेघ. नवं नाव वाचलं की आधी पट्टीवर, मग वहीत. छापील कालरेषा विकत आणू नका, चिकटवूही नका. स्वतःच्या हातानं मॅरेथॉनची लढाई ४९० वर आणि सॅलमिसची ४८० वर मांडली की मधलं एक सेंटिमीटर डोळ्यांत राहतं.

पट्टीवर दोन गोष्टी आणखी स्पष्ट होतात. पहिली शतकाची. इ.स.पू. पाचवं शतक म्हणजे ५०० ते ४०१. ४९० चं मॅरेथॉन पाचव्या शतकातलं, चौथ्या नव्हे. दुसरी, शून्य वर्ष नसतं. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याला ‘ऑगस्टस’ ही पदवी इ.स.पू. २७ मध्ये मिळाली आणि तो इ.स. १४ मध्ये वारला, तर मुलं २७ आणि १४ ची बेरीज करून ४१ वर्षं लिहितात. एक वजा करा, ४०. ही गफलत मोठ्यांचीही होते: मॅरेथॉनच्या लढाईची २५०० वर्षं अथेन्सच्या मॅरेथॉन शर्यतीनं २०१० मध्ये साजरी केली, हिशेबानं ती २०११ मध्ये भरत होती.

दुसरी चूक: न वाचलेल्या माणसाची साक्ष काढणं

‘हिरोडोटस म्हणतो’, ‘मेगॅस्थेनिस म्हणतो’, ‘प्लुटार्कच्या मते’. उत्तरात अशी जुन्या ग्रीक लेखकांची नावं पेरली की वजन येतं असं मुलांना वाटतं. मलाही वाटायचं. पदवीच्या शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्कर परीक्षक आले होते. मौर्यकाळावर बोलताना मी मेगॅस्थेनिसचं नाव तीनदा घेतलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “मेगॅस्थेनिस कुठं वाचलात?” मी म्हटलं, “ग्रंथालयात, सर.” “त्याचं पुस्तक?” “हो सर.” ते म्हणाले, “ते पुस्तक हरवलंय, बाई. जगात कुठंही नाही.”

मी खाली बघत राहिले. पण ते रागावले नाहीत. पुढची दहा मिनिटं त्यांनी मला जे सांगितलं त्यावर मी आजही शिकवते. मेगॅस्थेनिस हा सेल्यूकस या ग्रीक राजाचा वकील म्हणून चंद्रगुप्ताच्या दरबारी आला. त्याचा ग्रंथ गेला. आपल्याकडे उरलेत ते डायोडोरस, स्ट्रेबो, एरियन या नंतरच्या लेखकांनी त्यातून घेतलेले उतारे. ते श्वानबेक या जर्मन अभ्यासकानं १८४६ मध्ये एकत्र केले आणि १८७७ मध्ये मॅक्रिंडलनं त्यांचं इंग्रजी भाषांतर छापलं. मी ग्रंथालयात गाईड वाचलं होतं, आणि त्या गाईडला आधार होता दुसऱ्या गाईडचा.

यानं बिघडतं काय ते बघा. ‘भारतात गुलाम नाहीत’ हे मेगॅस्थेनिसचं म्हणून सांगितलं जाणारं विधान मुलं डोळे झाकून लिहितात. ते आपल्यापर्यंत येतं एरियन आणि स्ट्रेबो यांच्यामार्फत. शिवाय बोलणारा माणूस ग्रीक. त्याच्या डोळ्यांपुढे गुलाम म्हणजे त्याच्या मुलखातला गुलाम. तसा इथं दिसला नाही म्हणून त्यानं ‘नाहीत’ म्हटलं असेल का, हा प्रश्न सुचायला हवा. कारण थोड्याच काळानं अशोकाचे शिलालेख दास आणि नोकर यांच्याशी नीट वागा असं सांगतात. जो नाहीच त्याच्याशी नीट वागायला कोण सांगेल?

अलेक्झांडर आणि पोरसचंही तेच. ‘राजानं राजाशी वागावं तसं मला वागव’ हा प्रसंग निम्म्या वर्गाला पाठ असतो. झेलमकाठची लढाई इ.स.पू. ३२६ ची. प्रसंग सांगणारा एरियन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, म्हणजे मध्ये सुमारे साडेचारशे वर्षं. आज कुणी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईतला संवाद शब्दशः लिहावा, तेवढं अंतर. म्हणून एरियन टाकाऊ ठरत नाही. टॉलेमी आणि ॲरिस्टोब्युलस या मोहिमेत असलेल्या दोघांचं, आता हरवलेलं, लिखाण त्याच्यासमोर होतं आणि तो ते सांगतो. याउलट अथेन्सच्या साथीबद्दल त्या युद्धाचा इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो तेव्हा त्याला स्वतःला ती साथ झालेली असते. दोन्ही साक्षींचं वजन सारखं कसं धरता येईल?

उपाय साधा आहे. वहीच्या उजव्या पानावर तीन रकाने: कोण सांगतो, केव्हा लिहितो, घटनेनंतर किती वर्षांनी. तिसरा रकाना रिकामा असेल तर ते नाव उत्तरात घालू नका. आणि रोज दोन पानं मूळ लेखकाची, भाषांतरात का होईना, वाचा. इंग्रजी जड जातं हे खरं आहे, माझ्या वर्गात कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या कानडी, कुणाच्या तेलुगू. म्हणून मी एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावते आणि पुस्तक मिटून तोच आपल्या घरच्या बोलीत शेजाऱ्याला सांगायला लावते. सांगता आलं तर समजलं. यात वेळ जातो. जाऊ दे.

मोबाईलवर फिरणाऱ्या बारा पानी नोट्सबद्दल मला फार बोलायचं नाही. एका वर्षी अठ्ठावीस पेपरांत पेरिक्लीसचा ‘पेरीकल्स’ झाला होता, एवढं पुरे.

आता बाकीच्या, थोडक्यात

ज्युलियस सीझर सम्राट नव्हता. तो आजन्म डिक्टेटर झाला आणि इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चला मारला गेला. पहिला सम्राट ऑगस्टस.

ग्रीस म्हणजे अथेन्स नव्हे. शेकडो नगरराज्यं होती, स्पार्टात तर एका वेळी दोन राजे. ‘ग्रीक लोकशाही’ असं लिहिण्याआधी कुठल्या नगराची, ते लिहा. आणि अथेन्सच्या सभेतही बायका, गुलाम, बाहेरून येऊन राहिलेले लोक यांना मत नव्हतं. पेरिक्लीसच्याच कायद्यानं इ.स.पू. ४५१ मध्ये आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असले तरच नागरिकत्व असं ठरलं. आजच्या मतदानाशी तुलना जरूर करा, पण हे सांगून.

देवांचं कोष्टक पाठ करून थांबू नका. ग्रीकांचा युद्धदेव एरीस म्हणजेच रोमनांचा मार्स असं लिहून मोकळे होता, पण होमरचा झ्यूस आपल्या या मुलाला सगळ्यात नावडता म्हणतो, आणि रोमन माणूस मार्सला रोम वसवणाऱ्या रोम्युलसचा बाप मानून पूजतो.

रोम ४७६ ला संपलं नाही, पश्चिमेकडचा सम्राट गेला. पूर्वेकडचं राज्य १४५३ पर्यंत चाललं.

पुतळे पांढरे नव्हते, रंगवलेले होते.

सिनेमा बघा, पण उत्तरात आणू नका.

नकाशा न काढता धडा सुरू करू नका. डोंगर आणि समुद्र यांनी ग्रीस कसं तुकड्यातुकड्यांत कापलंय ते हातानं काढल्याशिवाय नगरराज्यं का झाली हे कळत नाही. नकाशा कच्चा चालेल, मात्र आठवणीनं काढलेला हवा.

प्लिनी नावाचे रोमन लेखक दोन आहेत. थोरला इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. त्या मृत्यूचं वर्णन धाकट्या प्लिनीनं, त्याच्या भाच्यानं, इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रात आहे. एका मुलानं थोरल्यानंच स्वतःच्या मृत्यूचं वर्णन केलं असं लिहिलं होतं. भारत दरवर्षी रोमचे ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो ही तक्रार थोरल्याची. तो चैनीवर चिडलेला माणूस आहे, जकातनाक्याचा कारकून नव्हे, त्यामुळं तो आकडा हिशेबाच्या वहीतून आल्यासारखा वापरू नका.

शेवटची चूक मला सगळ्यात जास्त लागते: हा सगळा इतिहास दूरचा समजणं. बार्शीच्या पलीकडे तेर आहे. गोरोबाकाकांचं तेर म्हणून आपण सगळे जातो. तेच प्राचीन तगर, आणि पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी पुस्तकात पैठणच्या बरोबरीनं त्याचं नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट, असं त्याचा लेखक लिहितो. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि १९३८ मध्ये पॉम्पेईत सापडलेली मूर्ती यांच्यातलं साम्य अभ्यासकांनी दाखवलंय. इथंही मुलं दिशा चुकतात आणि तेरच्या मूर्तीला ‘रोमन’ म्हणतात. कलाकुसर भारतीय आहे. इटलीत सापडली ती इकडून तिकडे गेलेली.

यंत्रमागवाल्या घरातल्या त्या मुलीला मी पेरिप्लसमधला तगरचा उल्लेख वाचायला दिला होता: तगरहून पुष्कळ साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल भडोचच्या बंदराकडे जायची. तिनं तो घरी वडिलांना तेलुगूत सांगितला. दुसऱ्या दिवशी ती त्यांचा प्रश्न घेऊन आली. एवढं कापड तेरहून भडोचला नेलं कशावरून? आम्ही पेरिप्लसचं ५१ वं कलम पुन्हा उघडलं. उत्तर तिथंच होतं, आदल्या दिवशी आम्ही दोघींनीही त्यावरून नुसती नजर फिरवली होती: गाड्यांवरून, रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून.