लवंग, मीठ, मध आणि साखरपाणी: जुने घरगुती उपाय नीट कसे करायचे

घरचे जुने उपाय आपण सगळेच करतो, पण त्यात नक्की काय असतं ते कळलं की माप चुकत नाही आणि माझ्या मते सगळी गोम मापातच आहे.

दाढ ठणकत असेल तर लवंग. तिच्या तेलात युजेनॉल असतं, ते जागा बधिर करतं, डेंटिस्टसुद्धा तात्पुरतं सिमेंट भरताना झिंक ऑक्साइडमध्ये तेच कालवतात. अख्खी लवंग दुखऱ्या दाढेपाशी धरायची, लाळेने मऊ झाली की हळूच दाबायची, आधी चुरचुरतं आणि मग तेवढीच जागा जड-जड, सुन्न वाटायला लागते. बाटलीतलं लवंग तेल मात्र नुसतं लावू नका, हिरडी भाजते, आणि लहान मुलांना तर अजिबात नको. दुखणं थांबलं तरी कीड आतच असते, डॉक्टरकडे जायचंच.

घसा धरला तर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, सूज थोडी ओसरते. रात्री खोकल्याची ढास लागली तर झोपताना चमचाभर मध, पण १ वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नाही, त्यातल्या जिवाणूंनी बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा होऊ शकते. आणि कापूर कुणालाच पोटात द्यायचा नाही, थोडासा गेला तरी लहान मुलांना झटके येतात.

आता माझ्या सगळ्यात जवळचा उपाय, जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाणी. उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, साखर ६ चमचे, मीठ अर्धा चमचा, चमचा ५ मिलीचा आणि सुरीच्या पाठीने सपाट केलेला. साखर इथे चवीला नाहीये बरं का, आतड्यात साखर शोषली जाताना मिठाला सोबत ओढते आणि त्यांच्या मागोमाग पाणी अंगात जातं, म्हणून दोन्ही लागतात. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ होती, सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून प्यायला दिलं आणि मृत्यूचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून ३-४ टक्क्यांवर आलं!

मी एकदा घाईत अंदाजाने मीठ टाकलं आणि पाणी खारट झालं, सगळं ओतून परत केलं, कारण जास्त मीठ लहान मुलाला खरंच घातक ठरतं. आधी स्वतः चाखा, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. मग चमच्या-चमच्याने पाजा, उलटी झाली तर १० मिनिटं थांबून परत सुरू करा, उरलेलं २४ तासांनी टाकून द्या. ओआरएसचं पाकीट मिळत असेल तर तेच घ्या, त्यात पोटॅशियमही असतं. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली किंवा शौचातून रक्त दिसलं तर पाणी पाजत-पाजतच दवाखाना गाठा.